प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधलं ऑनलाइन एमबीए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॅनिंगच्या कामात असल्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. कधी साइटवरचा ज्युनियर इंजिनिअर विचारतो, कधी हिंजवडीत टेस्टिंग करणारी मुलगी. खालची उत्तरं भारतातल्या विद्यापीठांच्या दोन वर्षांच्या, चार सत्रांच्या ऑनलाइन पदवीबद्दल आहेत. परदेशी विद्यापीठांचा विषय शेवटाकडे आहे.

ही पदवी नेमकी कोणाच्या उपयोगाची?

ज्याच्या हातात आत्ता एखादं काम चालू आहे त्याच्या. तीन ते आठ वर्षं नोकरी झाली आहे, टेक्निकल काम येतं, पण मीटिंगमध्ये "हे कधी संपेल आणि किती लागतील" असं विचारलं की अंदाजपंचे उत्तर द्यावं लागतं, अशा माणसाला या अभ्यासाचा फायदा लगेच दिसतो. सोमवारी शिकलेलं शुक्रवारच्या रिपोर्टात वापरता येतं.

बांधकाम आणि आयटीवाले सर्वांत जास्त येतात, पण कारखान्यातले मेंटेनन्सवाले, फार्मा कंपन्यांतली मंडळी, सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतली, कामं बघणारे संस्थावालेही असतात. एका वर्गात अशी सरमिसळ असली तर ते चांगलंच. शटडाउनचं, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याचं, नियोजन करणाऱ्याला वेळेची जी शिस्त असते ती सॉफ्टवेअरवाल्यांना ऐकूनच घाम फुटतो.

नुकतंच ग्रॅज्युएशन झालंय. लगेच घेऊ का?

माझं मत विचाराल तर थांबा. एकही काम जवळून न पाहता जोखीम व्यवस्थापन शिकणं म्हणजे पाण्यात न उतरता पोहणं शिकणं. पदवी मिळेल, पण मुलाखतीत पहिलाच प्रश्न "तुम्ही कोणतं प्रोजेक्ट हाताळलंत?" हा असतो आणि तिथे गाडी अडते. दोन वर्षं कुठेही प्लॅनिंग, क्वांटिटी, बिलिंग, टेस्टिंग अशा खात्यात काढा. तोवर हात शिवशिवत असतील तर केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे कोर्स असतात. शिकायला फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. विषय आवडतो की नाही तेवढ्यात कळतं.

ऑनलाइन पदवीला नेहमीच्या पदवीची किंमत असते का?

कायद्याने असते. विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाची सध्याची नियमावली सप्टेंबर २०२० ची. मान्यताप्राप्त विद्यापीठाची मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा जाहीर केलं. म्हणजे पदवीधर किंवा पदव्युत्तर पात्रता मागणाऱ्या सरकारी जागेला ती चालते. मात्र जाहिरातीत "पूर्णवेळ" असा शब्द असेल तर त्या भरतीच्या नियमांत काय लिहिलंय ते स्वतः वाचा. कोचिंगवाल्याच्या शब्दावर जाऊ नका.

अभ्यासाची पद्धत लपत नाही. गुणपत्रिकेच्या किंवा प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला ती नमूद करायची असते. "सर्टिफिकेटवर ऑनलाइन लिहिलेलं नसतं सर" असं कुणी फोनवर अभिमानाने सांगितलं, तर त्या माणसाला नियम माहीत नाही किंवा माहीत असून तो थाप मारतोय.

खासगी कंपन्यांचं गणित वेगळं. तिथे पदवीपेक्षा विद्यापीठाचं नाव आणि तुमचं काम बघतात. मोठ्या कंत्राटी कंपन्यांत बढतीच्या वेळी एचआरच्या रकान्यात "पदव्युत्तर" ही खूण लागते आणि तेवढ्यासाठीच हा अभ्यास करणारे कमी नाहीत. त्यात गैर काही नाही.

विद्यापीठाला मान्यता आहे हे कसं तपासायचं?

इथे वेळ घालवा. फी भरायच्या आधीची एक संध्याकाळ पुढची दोन वर्षं वाचवते.

यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचं, म्हणजे डीईबीचं, स्वतंत्र संकेतस्थळ आहे. तिथे विद्यापीठांच्या याद्या शैक्षणिक वर्षानुसार आणि सत्रानुसार असतात. तुमचं विद्यापीठ यादीत आहे एवढं पाहून थांबू नका. तुम्ही ज्या वर्षी, ज्या सत्रात प्रवेश घेताय त्या ओळीत तोच अभ्यासक्रम, त्याच नावाने, "ऑनलाइन" या प्रकाराखाली आहे का ते बघा. एखाद्या विद्यापीठाला दूरस्थ एमबीए चालवायची परवानगी असते, ऑनलाइनची नसते. एखाद्याची गेल्या वर्षी होती, यंदा नाही. जाहिरातीत मात्र "यूजीसी मान्यताप्राप्त" एवढंच मोठ्या अक्षरांत असतं.

२०२० च्या नियमावलीनुसार ऑनलाइन पदवी देण्यासाठी नॅकचा, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा, चारपैकी ३.२६ किंवा त्याहून जास्त गुणांक, किंवा एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीच्या पहिल्या शंभरांत तीनपैकी दोन वेळा स्थान, अशी अट घातली गेली. त्यामुळे ज्याचं नाव तुम्ही जाहिरातीतच पहिल्यांदा ऐकताय, त्याच्या बाबतीत नॅकचा आकडा जरूर बघा. अभिमत विद्यापीठ असेल तर मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमाला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता आहे का तेही पाहा. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी वेळोवेळी प्रसिद्ध करते. तीही चाळा.

आणखी एक. फ्रँचायझी देऊन पदवी चालवायला बंदी आहे. गल्लीतल्या क्लासच्या पाटीवर चार राज्यांतल्या विद्यापीठांची नावं आणि खाली "एका वर्षात पदवी" असं लिहिलेलं असेल, तर आत जाऊन चौकशीही करू नका. मागच्या तारखेने प्रवेश दाखवून देणारी मंडळी याच पाट्यांमागे असतात. पुढे कंपनीने कागदपत्रांची पडताळणी केली की नोकरी जाते ती तुमची, पाटीवाल्याचं काही जात नाही.

"एक्झिक्युटिव्ह पीजी प्रोग्रॅम" म्हणजे पदवीच ना?

बहुतेक वेळा नाही. ते प्रमाणपत्र असतं, मग मोठ्या संस्थेचं नाव असलं तरी. शिकायला ते उत्तम असू शकतं, पण अर्जात "पदव्युत्तर पदवी" या रकान्यात लिहिता येत नाही. पीजीडीएम हा डिप्लोमा, एमबीए ही पदवी, आणि "पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट" हे प्रमाणपत्र.

ओळखायची एक सोपी खूण सांगतो: फीच्या पावतीवर जीएसटी बघा. कायद्याने मान्य असलेल्या पदवीसाठी शैक्षणिक संस्थेने घेतलेल्या फीला जीएसटी माफ आहे, तर प्रमाणपत्राच्या कोर्सवर १८ टक्के लागतो. कोटेशनमध्ये मुख्य फीवरच "अधिक १८ टक्के जीएसटी" दिसलं, तर हा पदवीचा अभ्यासक्रम आहे का, असं ईमेलवर लेखी विचारा. फोनवर "हो हो सर" म्हणणारे ईमेलवर गप्प होतात.

ऑनलाइन आणि डिस्टन्स यांत फरक काय?

डिस्टन्समध्ये छापील पुस्तकं, अभ्यासकेंद्र, अधूनमधून संपर्कवर्ग. ऑनलाइनमध्ये सगळं एका पोर्टलवर: व्हिडिओ, वाचन, चर्चा, चाचण्या. दूरस्थ शिक्षणाला विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राची हद्द असते, ऑनलाइनला नसते, त्यामुळे चंद्रपूरला बसून दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचं ऑनलाइन शिक्षण घेता येतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू ही दूरस्थ शिक्षणातली जुनी, कमी खर्चाची नावं. पोर्टल, ॲप, रात्रीचे लाइव्ह तास यांची गरज वाटत नसेल आणि पुस्तक घेऊन बसायची सवय असेल, तर आधी त्यांचे अभ्यासक्रम बघा.

डीईबी आयडी कशाला लागतो?

२०२४-२५ पासून ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेशासाठी तो सक्तीचा झाला. आधी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे तुमचे क्रेडिट जिथे जमा होतात त्या सरकारी खात्याचा, क्रमांक काढायचा, मग त्यावरून डीईबीच्या पोर्टलवर हा आयडी. आधार, दहावी आणि पदवी या तिन्हींवर नाव सारखंच असू द्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींची इथे हमखास अडवणूक होते. राजपत्र किंवा लग्नाचा दाखला आधीच स्कॅन करून ठेवा. हा आयडी स्वतः काढा, एजंटाला ओटीपी सांगत बसू नका.

फी किती? कर्ज काढावं का?

मुक्त विद्यापीठांत कमी, नावाजलेल्या खासगी विद्यापीठांत लाखभरापासून काही लाखांपर्यंत. आकडा विचारताना परीक्षा फी, पुनर्परीक्षेची फी, प्रोजेक्टची फी आणि पदवी प्रमाणपत्राची फी धरून एकूण विचारा. सत्राची फी सांगून वर्षाचा भास निर्माण करणं ही जुनी चाल आहे.

"नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज. विद्यापीठाला पैसे आधीच मिळालेले असतात. तुम्ही महिन्याभरात अभ्यास सोडलात तरी हप्ता चालू राहतो, कारण तुमचा करार कर्ज देणाऱ्याशी असतो. अर्जावर सही करताना "लोन" हा शब्द कुठे लपलाय ते शोधा. बँकेतून रीतसर शैक्षणिक कर्ज घेतलंत तर जुन्या करप्रणालीत कलम ८०ई खाली व्याजाची वजावट जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते. नव्या करप्रणालीत ती नाही, आणि प्रत्येक फायनान्स कंपनीचं व्याजही त्यात बसत नाही.

सगळ्यात स्वस्त मार्ग तुमच्या ऑफिसमध्येच असू शकतो. बऱ्याच कंपन्यांच्या धोरणात उच्च शिक्षणाच्या फीचा काही भाग परत देण्याची तरतूद असते आणि कुणी मागत नाही म्हणून ती पडून राहते. बदल्यात वर्ष-दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड असतो, तेवढा वाचून घ्या.

अभ्यासक्रमात असतं तरी काय?

पहिल्या वर्षी सगळ्या एमबीएंना असतात ते विषय: हिशेब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मार्केटिंग, माणसं सांभाळणं. अनेकांना इथेच वाटतं की फसलो, प्रोजेक्ट मॅनेजमेंट कुठंय? ते दुसऱ्या वर्षी येतं. वेळापत्रक, खर्चाचा अंदाज, जोखीम, करार आणि खरेदी, गुणवत्ता, अजाइल (छोट्या टप्प्यांत काम करत सुधारत जायची पद्धत), आणि एमएस प्रोजेक्ट किंवा प्रायमाव्हेरासारखं एखादं सॉफ्टवेअर.

यातली बरीच हत्यारं जुनी आहेत. गँटचा बार चार्ट शंभर वर्षांपूर्वीचा. क्रिटिकल पाथची पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँ कंपनीच्या रासायनिक कारखान्यांच्या कामातून आली, आणि साधारण त्याच वेळी अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट, म्हणजे वेळ नक्की माहीत नसलेल्या कामांचा अंदाज बांधायची पद्धत, तयार झालं. अजाइलचा जाहीरनामा २००१ चा, युटाच्या डोंगरात जमलेल्या सतरा जणांनी लिहिलेला.

पर्टचा अंदाज कसा काढतात तो बघा. समजा एका परवानगीला लवकरात लवकर १५ दिवस लागतात, बहुधा ३० लागतात आणि फाइल अडकली तर ७५. मधल्या आकड्याला चारने गुणायचं, दोन्ही टोकं मिळवायची आणि सहाने भागायचं: १५ अधिक १२० अधिक ७५, म्हणजे २१०, भागिले ६. उत्तर ३५. साहेबाला "महिनाभरात होईल" असं सांगणारा माणूस पाच दिवसांनी का तोंडघशी पडतो ते या एका बेरजेत दिसतं.

क्रिटिकल पाथ, म्हणजे पूर्ण कामाची तारीख ठरवणारी कामांची साखळी, समजायला फ्लॅटचं काम डोळ्यांसमोर आणा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्याशिवाय फरशी नाही, फरशीशिवाय किचनचा ओटा नाही, ओट्याशिवाय ट्रॉल्यांची मापं नाहीत. यातलं एक काम दोन दिवस लांबलं की गृहप्रवेश दोन दिवस लांबला. बाल्कनीच्या ग्रिलला मात्र आठवडाभर इकडेतिकडे चालतं. त्या मोकळ्या आठवड्याला फ्लोट म्हणतात. साइटवरची निम्मी आरडाओरड फ्लोट असलेल्या कामांवर होते आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला कुणी फोनही करत नाही.

यातला सगळ्यात उपयोगी भाग कोणता?

अर्न्ड व्हॅल्यू. लोक घाबरतात ते त्याच्या आद्याक्षरांना. हिशेब चौथीतला आहे.

एका सोसायटीची १०० मीटर कंपाउंड वॉल. बजेट १० लाख, मुदत १० आठवडे, म्हणजे आठवड्याला १० मीटर आणि मीटरला १० हजार. पाच आठवडे झाले. ठेकेदार कमिटीपुढे येऊन सांगतो, "पाच लाख खर्च व्हायला हवे होते, चार लाख ऐंशी हजारच झालेत. वीस हजार वाचवलेत तुमचे." सेक्रेटरी खूश, चहा मागवला जातो.

आता टेप लावा. भिंत झाली आहे ४० मीटर. म्हणजे झालेल्या कामाची किंमत, हीच अर्न्ड व्हॅल्यू, ४ लाख. ठरल्याप्रमाणे ती ५ लाख हवी होती, म्हणून वेळेचा निर्देशांक चार भागिले पाच, ०.८. खर्च झाला ४.८ लाख, म्हणून खर्चाचा निर्देशांक चार भागिले ४.८, साधारण ०.८३. याच चालीने काम चाललं तर १० लाखांची भिंत १२ लाखांना पडणार आणि १० आठवड्यांऐवजी साडेबारा लागणार. वाचलेले वीस हजार हे खरं तर ऐंशी हजारांचं नुकसान होतं.

हे पाचव्या आठवड्यात कळतं यात सगळी गंमत आहे. नवव्या आठवड्यात तर वॉचमनलाही कळलेलं असतं. पूर्ण अभ्यासक्रमातून एवढी एकच गोष्ट हातात बसली आणि दर महिन्याच्या आरए बिलासोबत, म्हणजे झालेल्या कामाच्या चालू बिलासोबत, तुम्ही हे दोन आकडे लिहू लागलात, तरी तुमच्याकडे बघण्याची साहेबाची नजर बदलते. आयटीवाल्यांनी मीटरच्या जागी स्टोरी पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराचे गुण, धरावेत. हिशेब तोच.

गणित कच्चं आहे. जमेल का?

वरची भिंत समजली ना? मग जमेल. संख्याशास्त्राच्या एका पेपराला थोडी मेहनत लागते. एक्सेल नीट येणं मात्र गणितापेक्षा महत्त्वाचं आहे.

रोज किती वेळ द्यावा लागतो?

आठवड्याला आठ-दहा तास धरा, परीक्षेच्या महिन्यात जास्त. लाइव्ह तास बहुधा संध्याकाळी नाहीतर शनिवार-रविवारी असतात आणि रेकॉर्डिंग मिळतं. पण सगळं रेकॉर्डिंगवर टाकणाऱ्यांचं काय होतं ते ठरलेलं आहे: गणपतीत राहिलेलं दिवाळीत करू, दिवाळीतलं डिसेंबरात, आणि जानेवारीत परीक्षा. पोर्टलवरचा सहभागही मोजला जातो. साधारण ७५ टक्के नसेल तर परीक्षेला बसता येत नाही.

साइटवरच्या लोकांसाठी एक सूचना. स्लॅब भरायचा दिवस आणि लाइव्ह तास यांची टक्कर होणारच, तेव्हा आठवड्यातली एक सकाळ घरच्यांना सांगून बांधून घ्या. आणि मार्च महिना मोकळा धरू नका. बिलांच्या घाईत त्या महिन्यात कुणाचा अभ्यास झालेला मी पाहिलेला नाही.

परीक्षा घरून देता येते का?

अनेक विद्यापीठांत येते, पण देखरेखीखाली. कॅमेरा चालू, माइक चालू, सुरुवातीला लॅपटॉप उचलून खोलीच्या चारही भिंती आणि टेबलाखालची जागा दाखवायची. दुसरी खिडकी उघडली की सूचना येते, तीनचार सूचना झाल्या की पेपर बंद. काहींना परीक्षाकेंद्रावर जावं लागतं. प्रवेशाआधी विचारून घ्या. गुणांची वाटणी साधारण ३० अंतर्गत आणि ७० सत्रान्त.

घरून देणार असाल तर भिंतीवरचा बार चार्ट काढून ठेवा, कॉपी समजतात. आजी मागून चहा घेऊन आली की तीही नोंदली जाते. पुण्यातल्यांनी गुरुवारचा स्लॉट टाळावा, महावितरणची दुरुस्तीची कामं त्याच दिवशी निघतात. इन्व्हर्टर असला तरी राउटर त्याच्यावर आहे का ते आदल्या दिवशी मेन स्विच पाडून बघा. मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, पण मोबाइल टेबलावर दिसता कामा नये.

शेवटच्या सत्राचा प्रोजेक्ट रिपोर्ट कशावर करावा?

विकत मिळणारे रिपोर्ट घेऊ नका. परीक्षक तीच तीच प्रस्तावना वाचून कंटाळलेले असतात आणि साहित्यचोरी पकडणारं सॉफ्टवेअर बाकीचं काम करतं.

स्वतःच्या कंपनीचा डेटा वापरता आला तर सर्वांत चांगलं. लेखी परवानगी घ्या, नावं आणि दर झाका. ते नसेल तर सार्वजनिक माहिती भरपूर आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत गृहप्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख, मुदतवाढी आणि तिमाही प्रगती असते. आपल्या तालुक्यातले तीस प्रकल्प घ्या, मूळ तारीख आणि सुधारित तारीख यांतला फरक काढा, कारणं लावा. याच्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही. केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय १५० कोटी आणि त्यावरच्या केंद्रीय प्रकल्पांच्या विलंबाचे आणि वाढीव खर्चाचे अहवाल काढतं. तेही वापरता येतात.

उदाहरण म्हणून मोठा प्रकल्प घ्यायचा असेल तर कोकण रेल्वे घ्या. १९९० ते १९९८, रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, पैसा मोठ्या प्रमाणावर रोख्यांतून उभारलेला. गोव्यातल्या मार्गाच्या आखणीवरून आंदोलन झालं, आणि पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत मातीने सगळ्यांची परीक्षा पाहिली. जोखमींच्या यादीत लोकांचा विरोध आणि भूगर्भ अशा दोन वेगळ्या ओळी का लागतात, हे त्यातून शिकवावं लागत नाही. दुसरं वांद्रे-वरळी सागरी सेतू: मूळ अंदाज ६६० कोटी आणि पाच वर्षं, भूमिपूजन १९९९, उद्घाटन जून २००९, खर्च १६०० कोटींच्या घरात. हा आकडा नुसता मांडून हळहळ व्यक्त करणारे रिपोर्ट शेकड्याने आहेत. तुम्ही वाढीव खर्चाचे तुकडे पाडा: किती न्यायालयीन वादाने, किती आराखडा बदलल्याने, किती महागाईने. तुकडे पाडता आले की तो अभ्यास.

आधी पदवी की आधी पीएमपी?

पीएमपी ही अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची परीक्षा. संस्था १९६९ ची. पदवीधराला बसण्यासाठी प्रोजेक्ट चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि पास झाल्यावर दर तीन वर्षांनी नूतनीकरण. संस्थेच्या जीएसी या मान्यता मंडळाने मानलेली पदवी असेल तर अनुभव २४ महिने पुरतो. अशी पदवी घेताय असं कुणी सांगितलं तर मंडळाच्या यादीत नाव बघा. अनुभव नसलेल्यांसाठी याच संस्थेची सीएपीएम ही परीक्षा आहे.

गल्फमध्ये किंवा बहुराष्ट्रीय कंपनीत जायचं असेल आणि अनुभव पूर्ण असेल, तर आधी पीएमपी करा. सहा महिन्यांत निकाल लागतो आणि जाहिरातींत नाव घेऊन तेच मागितलेलं असतं. भारतातल्या भारतात, कंपनीच्या आतच वर जायचं असेल तर पदवी. ब्रिटिश पद्धतीच्या कंपन्यांत प्रिन्स२ हे तिकडचं प्रमाणपत्र विचारतात. सगळं एकाच वर्षात उरकणाऱ्यांच्या नावापुढे अक्षरं वाढतात, पण वेळापत्रक तसंच ढासळतं.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. ऑनलाइन एम.टेक. मिळेल का?

यूजीसीच्या नियमावलीखाली अभियांत्रिकीच्या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत. म्हणून विद्यापीठांत हा विषय एमबीएच्या नावाने येतो. आयआयटी, आयआयएम स्वतःच्या कायद्याने चालतात, त्यांचे काही अभ्यासक्रम वेगळे असतात. बांधकामातच राहायचं पक्कं असेल तर पुण्याच्या बालेवाडीतली निकमार ही बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी संस्थाही बघा. ती आता विद्यापीठ आहे, आणि या विषयात तिचं नाव जुनं आहे.

दुसरी पदवी चालू असताना ही घेता येईल का?

एप्रिल २०२२ पासून यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. एक प्रत्यक्ष वर्गातली आणि एक ऑनलाइन चालते. नियमाने चालतं, नोकरी सांभाळून चालत नाही.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी कशी?

ब्रिटनमधल्या चांगल्या विद्यापीठांत दूरशिक्षणाने एम.एस्सी. प्रोजेक्ट मॅनेजमेंट मिळते. परदेशातच असाल किंवा तिकडच्या कंपनीत असाल तर विचार करा. भारतात सरकारी नोकरी किंवा पीएच.डी. करायची असेल तर समकक्षतेचा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर लाखो रुपये भरण्याआधी लेखी हवं. दुबई-कतारला निघालेल्यांनी भारतीय ऑनलाइन पदवीबद्दलही तेच करावं: पदवीचं साक्षांकन लागतंच, पण तिथला मालक ऑनलाइन पदवी धरतो का हे ऑफर लेटरच्या आधी विचारावं.

इंग्रजी यथातथाच आहे.

व्याख्यानं इंग्रजीत असतात, पण भाषा साधी आणि शब्द तेच तेच. बेसलाइन, डिले, ईओटी (मुदतवाढ), एलडी (उशिराचा दंड), व्हेरिएशन हे शब्द तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये आधीपासून आहेत. अडचण लिहिताना येते. रोजचा डीपीआर, म्हणजे दैनंदिन प्रगतीचा अहवाल, नुसत्या आकड्यांत न पाठवता त्याखाली दोन ओळी इंग्रजीत लिहायची सवय लावा, सत्र संपेपर्यंत असाइनमेंटचा धाक जातो.

"१०० टक्के प्लेसमेंट" म्हणतात, खरं असतं का?

फोन ठेवा.

एखादा पेपर राहिला किंवा मधेच खंड पडला तर?

दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करायला विद्यापीठं जास्तीची वर्षं देतात, साधारण एकूण चार. राहिलेला पेपर पुढच्या सत्रात फी भरून देता येतो. मिळवलेले क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत जमा राहतात. बाळंतपण, बदली, घरातलं आजारपण अशा कारणांनी थांबावं लागलं तर गप्प बसू नका, विद्यार्थी सहायता कक्षाला ईमेल टाका आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. पुढच्या सत्राची नोंदणी न करता नुसतं लॉगिन बंद करणाऱ्यांनाच पुढे पुन्हा प्रवेश घ्यायला सांगतात.